हप्ता बसतो, पण गाडी बसत नाही

प्रश्न : मी ३६ वर्षांचा आहे. नाशिकला सिडकोत राहतो आणि सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करतो. जाऊन-येऊन रोज ५५ किलोमीटर होतात, महिन्याला साधारण २४ दिवस, तिन्ही पाळ्या. आजवर मोटरसायकलने गेलो, पण आता कंबर धरते. डॉक्टरांनी टू-व्हीलर बंद करायला सांगितलंय. कंपनीची बस फक्त जनरल शिफ्टला आहे. हातात पगार ४८,००० येतो. पत्नी एका खासगी शाळेच्या ऑफिसात आहे, तिचे १४,०००. मुलगी तिसरीत. घराचा हप्ता १५,२००, फी धरून घरखर्च २७,०००, एसआयपी ५,०००, एलआयसी २,६०० आणि माझं पेट्रोल २,७५०. एफडीत २.४० लाख आणि म्युच्युअल फंडात २.१० लाख आहेत. दिवाळीचा बोनस ४०,००० नुकताच हातात आला आहे. तीन जुन्या गाड्या पाहिल्या. २०१४ ची डिझायर डिझेल, मूळची दिल्लीची, १.१८ लाख किमी, ३.२५ लाख. २०१८ ची अल्टो के१० पेट्रोल, एकच मालक, ४५,००० किमी, २.९५ लाख. २०२१ ची वॅगन आर सीएनजी, ७२,००० किमी, ४.९० लाख. तिसरी मनात भरली आहे. डीलर ४ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी करून देतोय, पाच वर्षं, हप्ता ९,३३३. महिन्याला साडेनऊ हजार उरतात, म्हणजे हप्ता बसतो. काढू का गाडी?

उत्तर : नका काढू. ती गाडी त्या कर्जावर तर अजिबात नको.

पण आधी तुमचं जे बरोबर आहे ते सांगतो. कंबर दुखत असताना रात्री बारा वाजता ट्रकांच्या गर्दीतून पुणे हायवेने मोटरसायकल हाकणं हा काटकसरीचा मार्ग नाही. गाडी घ्यायला हवी, यात दुमत नाही. सीएनजीकडे ओढ आहे तीही योग्यच. तुमच्याएवढं रोजचं पळणं असलेल्या माणसाला सीएनजी परवडतो. माझा आक्षेप किमतीला आहे, आणि त्याहून जास्त कर्जाला.

त्या ‘८ टक्क्यां’पासून सुरुवात करू, कारण पाणी तिथेच मुरतंय. तुम्हाला सांगितलेला हप्ता कसा निघाला ते पाहा. ४ लाखांवर ८ टक्के म्हणजे वर्षाला ३२,०००. पाच वर्षांचे झाले १ लाख ६० हजार. ते मुद्दलात मिळवून ५ लाख ६० हजार. भागिले ६० महिने, उत्तर ९,३३३. हा फ्लॅट रेट. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, चौथ्या वर्षी तुमच्याकडे जेमतेम दीड लाख बाकी असतात, तरी व्याज पूर्ण चार लाखांवरच चालू राहतं. घराच्या कर्जावर बँक जशी घटत्या शिलकीवर व्याज लावते, तसं लावलं तर ८ टक्क्यांनी हप्ता ८,११० च्या आसपास आला असता. ९,३३३ चा हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत १४ टक्क्यांच्या थोडा वर जातो. डीलर खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. ‘८ टक्के फ्लॅट’ हे तो कदाचित बोललाही असेल आणि ‘फ्लॅट’ हा शब्द तुमच्या कानाआड झाला असेल. पुढच्या वेळी एकच प्रश्न विचारा, ‘रिड्यूसिंगने किती पडतो?’ समोरचा घुटमळला तर उत्तर मिळालं असं समजा.

आता ‘हप्ता बसतो’ या वाक्याकडे येऊ. ६२,००० मधून तुमचे सगळे खर्च वजा केले की ९,४५० उरतात, हे बरोबर. पण ते आजच्या मोटरसायकलच्या संसारातले उरलेले पैसे आहेत. चारचाकी आली की हप्त्याशिवायही महिन्याचा खर्च वाढतो. आणि ज्यांनी मला अशी पत्रं लिहिली आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांनी नेमका हाच भाग कागदावर मांडलेला नसतो.

मांडू या. महिन्याला ५५ गुणिले २४, म्हणजे १,३२० किलोमीटर. पेट्रोल १०४ रुपये लिटर, डिझेल ९१ आणि सीएनजी ९२ रुपये किलो धरतो. तुमच्या पंपावर दोन-चार रुपये इकडे-तिकडे असतील, ते घालून पुन्हा मोजा. कंपनी सांगते ते अ‍ॅव्हरेज मी धरत नाही. २०२१ च्या वॅगन आर सीएनजीचा जाहीर आकडा किलोला ३२.५२ किलोमीटर आहे. तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा. द्वारका, नाशिक रोड, शिंदे असं करत सिन्नरकडे जाणाऱ्या गाडीने २६ दिले तरी खूश राहावं. त्या हिशेबाने महिन्याला ५१ किलो गॅस, ४,६७० रुपये. मोटरसायकलचे २,७५० वाचतील, म्हणजे जादा खर्च १,९२०.

त्यावर विमा. वर्षाला नऊ हजार धरले तर महिन्याला ७५०. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, क्लच यांची मिळून महिन्याला १,२०० ची तरतूद. हा खर्च महिन्याच्या महिन्याला दिसत नाही, एकदम बारा-पंधरा हजारांनी दारात उभा राहतो.

आणि टोल. मोटरसायकलला तो नव्हता, म्हणून तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. शिंदे-पळसे नाका तुम्ही दिवसातून दोनदा ओलांडणार. ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास ३,००० रुपयांना सुरू झाला. तो २०० फेऱ्यांचा किंवा एका वर्षाचा, जे आधी संपेल ते. नाका एकदा ओलांडला की एक फेरी, म्हणजे त्या दराने १५ रुपये. तुमच्या वर्षाला पावणेसहाशे फेऱ्या होतात, म्हणजे वर्षात तीन पास, महिन्याला ७२० रुपये. तुमचं घर नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत भरत असेल तर मात्र स्थानिक रहिवाशांचा मासिक पास मिळतो. तो साडेतीनशेच्या घरात आहे. पत्त्याचा पुरावा आणि आरसी घेऊन नाक्यावर विचारून या. मी सध्या वाईट शक्यता धरून ७२० च घेतो.

बेरीज करा : १,९२० अधिक ७५० अधिक १,२०० अधिक ७२०, झाले ४,५९०. त्यात ९,३३३ चा हप्ता मिळवला की १३,९२३. तुमच्याकडे आहेत ९,४५०. दर महिन्याला साडेचार हजारांचा खड्डा, पाच वर्षं. तो एसआयपी थांबवून किंवा क्रेडिट कार्डावर भरला जाईल, आणि मग तीन वर्षांनी तुम्ही मला वेगळ्याच विषयावर पत्र लिहाल.

हाच हिशेब उलटा करू, म्हणजे तुम्हाला किती किमतीची गाडी झेपते ते कळेल. सीएनजी गाडी थोडी जुनी धरू आणि देखभालीला १,५०० ठेवू. हप्त्याशिवायचा जादा खर्च ४,८९० होतो. ९,४५० मधून तो वजा केला की उरतात साडेचार हजार. त्यातले पाचशे मोकळे सोडा, कारण घरात मुलगी आहे आणि तिचा ताप महिना बघून येत नाही. हप्ता ४,००० च्या पुढे नको. मुदत तीन वर्षं, त्याहून जास्त नाही. आठ वर्षं जुन्या गाडीवर पाच वर्षांचं कर्ज काढलं तर शेवटी गाडी गॅरेजमध्ये आणि हप्ता बँकेत अशी गत होते. साडेबारा टक्के घटत्या शिलकीच्या दराने तीन वर्षांत ४,००० च्या हप्त्याला १ लाख २० हजारांचं कर्ज बसतं. एकूण व्याज साधारण साडेचोवीस हजार. डीलरच्या १ लाख ६० हजारांशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

स्वतःचे पैसे किती घालायचे? एफडी पूर्ण मोडू नका. तुमचा न टाळता येणारा महिन्याचा खर्च, म्हणजे घराचा हप्ता, घरखर्च आणि एलआयसी, ४५,००० च्या आसपास आहे. तीन महिन्यांचे १.३५ लाख होतात. एमआयडीसीतली नोकरी आहे, ऑर्डर कमी झाल्या की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एफडीत दीड लाख राहू द्या, ९०,००० काढा. बोनसचे ४०,००० घाला. म्युच्युअल फंडातून ८०,००० काढा. इक्विटी फंडातली वर्षाहून जुनी युनिट्स विकली तर वर्षभरातल्या सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यामुळे तिथे काही जाणार नाही. एसआयपी चालूच ठेवा, ती मुलीची आहे असं समजा. झाले २ लाख १० हजार. कर्जाचे १ लाख २० हजार मिळवून ३ लाख ३० हजार.

पण हे ३.३० लाख म्हणजे गाडीची किंमत नव्हे. नावावर करण्याचा खर्च, विमा, ताबा घेतल्याबरोबर करायची सर्व्हिस आणि बहुतेक वेळा दोन ते चार टायर यांना मिळून ३५,००० बाजूला ठेवा. राहिले २ लाख ९५ हजार. ही तुमची मर्यादा. फारच चांगली गाडी समोर आली तर पंधरा हजार ताणा. चार लाख नव्वद हजार हा आकडा डोक्यातून काढून टाका.

आता तुमच्या तीन गाड्या. डिझायरवर फार वेळ घालवत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशाने टाच आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आदेश कायम केला, २०२५ मध्ये मात्र ती टाच सैल केली. त्या टाचेमुळे तिथल्या अशा गाड्या एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन पडत्या भावात बाहेर गेल्या आणि इथे ‘हायवे चाललेली, टकाटक’ म्हणून उभ्या राहिल्या. नवी एमएच-१५ पाटी लागली तरी वय मूळ नोंदणीपासूनच मोजतात. २०२९ मध्ये पंधरा वर्षं भरतील, मग फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण. १.३ लिटरचं ते इंजिन दणकट आहे, मी त्याची निंदा करणार नाही. पण सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे टर्बो, इंजेक्टर किंवा क्लच यांपैकी एकाने जरी मान टाकली तरी तुमची सहा महिन्यांची बचत एका बिलात जाते. आणि इंधन? लिटरला १८ धरले तरी महिन्याला ६,६७०. सीएनजीपेक्षा दोन हजारांनी जास्त. मग घ्यायची कशासाठी?

अल्टो के१० वर मात्र मी थोडा थांबलो. एकच मालक, ४५,००० किलोमीटर, तुमच्या मर्यादेत बसणारी किंमत. तुमचं रोजचं पळणं वीस किलोमीटर असतं तर डोळे झाकून हीच घ्या म्हटलं असतं. अडतं ते पेट्रोलवर. प्रत्यक्षात लिटरला २० देणारी गाडी आहे, पण मी १९ धरतो, कारण आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज त्याने ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. ई-२० साठी बनवलेल्या गाड्या २०२३ पासूनच्या, २०१८ ची अल्टो त्यात येत नाही. १९ च्या हिशेबाने महिन्याला ७,२२५ चं पेट्रोल. मोटरसायकलचे वजा जाता ४,४७५. त्यावर विमा, देखभाल, टोल धरून ७,१४५. घासाघीस करून सगळ्या खर्चासह ३.२० लाखांत पाडली, तरी १.१० लाखांचं कर्ज लागेल. त्याचा हप्ता ३,६८०. बेरीज १०,८२५. महिन्याला तेराशे-चौदाशे कमी पडतात. फार नाही, पण दर महिन्याला कमीच पडणार.

आणि वॅगन आर? गाडी म्हणून तीच सर्वांत चांगली. उंच बसणं, कमरेला बरं. पण ४.९० लाख ही किंमत जुन्या जगातली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ वर आला. त्या वेळी मारुतीने नव्या वॅगन आरची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ५ लाखांच्या आत आणली. ती पेट्रोलची, सगळ्यात खालची आवृत्ती, आणि वर रोड टॅक्स आणि विमा आहेच. तरीही नव्या गाडीची किंमत जिथे सुरू होते, तिथे चार-पाच वर्षं चाललेली गाडी विकायला ठेवणारा माणूस गिऱ्हाइकाला जीएसटीची बातमी माहीत नाही असं धरून चाललाय. शिवाय वॅगन आर सीएनजी टॅक्सीत भरपूर चालते. ‘टूर एच३’ म्हणून जी पांढरी गाडी दिसते, ती हीच. पिवळ्या पाटीची गाडी खासगीत बदलून विकलेली नाही ना, हे आरसीच्या इतिहासात पाहिल्याशिवाय ७२,००० किलोमीटरवर विश्वास ठेवू नये.

मग घ्यायचं काय? कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली छोटी गाडी. अल्टो ८०० सीएनजी, सेलेरिओ सीएनजी किंवा जुन्या आकाराची वॅगन आर सीएनजी. जुनी वॅगन आर यांत सर्वांत कमी पळते, किलोला २२ च्या आसपास. तिने महिन्याला आठ-नऊशे रुपये जास्त जातील, म्हणून ती शेवटचा पर्याय. साधारण २०१६ ते २०२० मधली, साठ ते नव्वद हजार किलोमीटर चाललेली. किलोमीटरचा आकडा पाहून दचकू नका. सीएनजी गाडी कोणी दारात उभी ठेवायला घेत नाही. २०१७ ची सीएनजी गाडी २८,००० किलोमीटर दाखवत असेल तर उलट मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या.

‘पेट्रोलची घेऊन बाहेरून किट बसवू का?’ हा पुढचा प्रश्न असणार. साठ हजारांच्या आसपासचा खर्च, आरटीओत नोंद, विम्यात नोंद, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक नाक मुरडणार. कंपनीची मिळत असताना त्या वाटेला जाऊ नका.

सीएनजीचे तोटे तुम्हाला सहकाऱ्यांनी सांगितले नसतील. डिकी गेली. गावाला जाताना बॅगा मागच्या सीटवर. दर तीन-चार दिवसांनी पंपावर रांग. तिसऱ्या पाळीवरून येताना भरलात तर बरं. भावही पूर्वीइतका मोहात पाडणारा राहिलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तरी त्यानंतर दर चढतच गेले. उद्या तो १०० रुपये किलो झाला तरी तुमचा महिन्याचा गॅस ५,०७५ चा होईल. अल्टोच्या पेट्रोलपेक्षा दोन हजारांनी कमीच. म्हणून एवढ्या पळण्याला माझा कौल सीएनजीलाच.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नका. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त आवृत्त्यांत दोन्ही नसायच्या. या छोट्या गाड्या तशाही क्रॅश टेस्टमध्ये नाव काढणाऱ्या नाहीत. गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२३ मध्ये वॅगन आरला एकच तारा दिला होता. तेव्हा २०१९ च्या उत्तरार्धातली गाडी मिळत असेल तर ते ताणायचे पंधरा हजार तिथे खर्च करा, म्युझिक सिस्टिमवर नको. जुनी घ्यावी लागली तर निदान एअरबॅगची आवृत्ती शोधा.

कर्ज कुठून घ्यायचं? पहिल्यांदा कंपनीत कर्मचाऱ्यांची पतपेढी आहे का ते बघा. सभासद असाल तर तिचा दर डीलरच्या दरापेक्षा कमी असण्याची शक्यता दाट. दुसरा मार्ग एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर उचललेले पैसे. बँका एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त घेतात, बाजारात यापेक्षा स्वस्त पैसा सहज मिळत नाही. पण मग राखीव ठेवलेली एफडी अडकते, म्हणून मी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तिसरा, तुमच्या पगाराच्या बँकेचं जुन्या गाडीचं कर्ज. सोनं गहाण ठेवूनही वाहन कर्जापेक्षा कमी दरात पैसे मिळतात, पण ते पत्नीचं सोनं आहे. त्याचा निर्णय तिने घ्यायचा, मी नाही आणि तुम्हीही नाही.

गाडी पसंत पडली की बयाणा देण्याआधी दोन कामं. एक, ती ज्या कंपनीची आहे त्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नंबर देऊन सर्व्हिसची नोंद काढा. मीटरचं सगळं सत्य तिथे बाहेर येतं. दोन, तुमच्या ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा, डीलरचा नव्हे. त्याला हजार-दीड हजार द्या आणि गाडी सकाळी, इंजिन गार असताना सुरू करायला लावा. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच ‘चालू करून ठेवली’ असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. पुराच्या पाण्यात गेलेल्या गाडीचा गाळ तिथे लपून राहतो. टायरवरचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३२१८’ म्हणजे २०१८ चा बत्तिसावा आठवडा. तो टायर कितीही काळाभोर दिसला तरी म्हातारा आहे.

सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. टाकीवरची तारीख पाहा आणि प्रमाणपत्र मागा. ते नसेल तर टेस्टचा खर्च किमतीतून कापा आणि ती होईपर्यंत गॅस भरू नका. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असंच लिहिलेलं हवं. एम-परिवहनवर नंबर टाकून थकलेली चलनं बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर तिला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसली आहे का तेही पाहा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन ‘नंतर करू नावावर’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. ‘५० टक्के बोनसवाली पॉलिसी आहे’ हे ऐकून किंमत वाढवून देऊ नका. १,००० सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ मध्ये ठरलेल्या दराने २,०९४ रुपये अधिक जीएसटी आहे. डिझायरसारख्या १,००० सीसीच्या वरच्या गाडीला तोच ३,४१६ पडतो. छोट्या इंजिनाचा हा एक न दिसणारा फायदा.

शोधायला दीड-दोन महिने लागतील. तोवर जनरल शिफ्टचा आठवडा कंपनीच्या बसने काढा, सिडकोतून त्याच पाळीला जाणारा कोणी गाडीवाला असेल तर पेट्रोलचा वाटा देऊन त्याच्याबरोबर जा. आणि त्याच माणसाकडे बघून ठेवा. उद्या तुमची गाडी आल्यावर तो महिन्याला हजार रुपये देऊन तुमच्याबरोबर येणार असेल, तर ती २०१८ ची अल्टो के१० पुन्हा विचारात घेता येईल. तेव्हा अल्टोच्या मालकांना फोन करून २.७० लाखांपासून सुरुवात करा. गाडी तोपर्यंत विकली गेली असेल तर हळहळू नका, नाशिकमध्ये अल्टोंना तोटा नाही.

जाता जाता तुम्ही न विचारलेलं एक. तुमच्या खर्चात एलआयसीचे २,६०० दिसतात, टर्म इन्शुरन्स, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा, दिसत नाही. ३६ व्या वर्षी, अंगावर घराचं कर्ज आणि आता रोज रात्रीचा हायवे, अशा माणसाला एक कोटीचं कव्हर हवं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही लागत नाही. गाडीचा बयाणा देण्याच्या आधी त्याचा अर्ज भरा. एलआयसीच्या पॉलिसीचं काय करायचं ते सांगण्यासाठी तिचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष आणि मुदत मला कळवा.